दुधाच्या किटल्या आणि पन्हाळ्याचा चढ

कोल्हापूरहून येऊन मला आता दीड महिना झाला. भेटेल तो विचारतो, अंबाबाईचं दर्शन घेतलंत का, रंकाळा पाहिलात का, चपला आणल्यात का. दर्शन घेतलं, पण देवळाबाहेर सायकल कुणाच्या भरवशावर ठेवली या काळजीत घेतलं. रंकाळा रोज पाहिला, तोही मान खाली घालून, हँडलच्या वरून दिसेल तेवढाच. चपला आणल्या नाहीत. महिनाभर मी कोल्हापुरात चाललोच नाही, तर चपलांची आठवण कुठून होणार? गावं कशी पाहावीत हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी माझं ऐकू नये. मी ते गाव घाम डोळ्यांत जाऊन अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी पाहिलं.

मी नाशकात एका शाळेत चित्रकला शिकवतो. वय बत्तीस. नऊ वर्षं सायकलच्या शर्यतीत उतरतो आहे आणि नऊ वर्षांत एकदाही पहिला आलेलो नाही. दुसरा तीन वेळा आलो, तिसरा किती वेळा ते आता आठवतही नाही. यंदा मुंबईला मोठी शर्यत ठरली. तिच्यासाठी जागोजागी निवडीच्या शर्यती व्हायच्या होत्या आणि प्रत्येकीतून फक्त पहिला येणारा एकटा मुंबईला जाणार होता. नाशकात चार लोकांनी चार बैठका घेतल्या, चहा प्यायले, आणि शर्यत भरवलीच नाही. शेवटी, तुमच्याकडच्यांनी हवं तर कोल्हापूरच्या शर्यतीत नाव द्यावं, असं पत्र आलं. देणारा मी एकटाच निघालो.

हेडमास्तरांनी महिन्याची बिनपगारी रजा दिली आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "पुढच्या वर्षी असला अर्ज घेऊन येऊ नका." बायको म्हणाली, "जाऊन या एकदाचे. पण यानंतर पुरे." दोघांनाही मी हो म्हटलं. सकाळी उठताना माझे गुडघे वाजायला लागले होते. ही शेवटची शर्यत, आणि त्यात एकदा तरी पहिलं यायचं, एवढंच मनात घेऊन मी गाडीत बसलो.

शिवाजी पेठ

गाडीचा प्रवास सांगत नाही. तो सगळ्यांचा सारखाच असतो. स्टेशनाबाहेर सायकलचं पुढचं चाक बसवत होतो, तेवढ्यात एक फेटेवाले गृहस्थ कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काय पावणं, कुठनं आलासा?"

"नाशिकहून."

"कुस्तीला?"

"नाही हो. सायकलच्या शर्यतीला."

"म्हंजे कुस्तीच की ती," ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की टांग्याच्या घोड्यानं कान टवकारले. "पायांची कुस्ती!"

आमच्याकडे अनोळखी माणसाशी बोलताना आवाज जरा खाली येतो. कोल्हापुरात तो वर जातो. पहिले दोन दिवस मला वाटे की प्रत्येक जण माझ्यावर रागावला आहे. तिसऱ्या दिवशी कळलं की जो खरंच रागावतो तो इथे गप्प बसतो.

आमच्या शाळेच्या ड्रिल मास्तरांनी त्यांच्या ओळखीच्या एका वस्तादांच्या नावे मला चिठ्ठी दिली होती. त्यांना सगळे आबा वस्ताद म्हणत. शिवाजी पेठेतल्या एका तालमीत ते पैलवान तयार करत. साठीचे, कान मोडून गोळा झालेले, मान खांद्यात रुतलेली. त्यांनी माझी चिठ्ठी वाचून घेतली, मला उभं केलं, आणि बैल घेताना बघतात तसं माझ्या मांड्या, पोटऱ्या, कंबर दाबून पाहिली.

"जेवता का न्हाय, मास्तर?"

"जेवतो की."

"मग जातंय कुठं?"

आबा वस्ताद जन्मात कधी सायकलवर बसले नव्हते, आणि तरीही ते कोल्हापुरातल्या सगळ्यात वेगवान सायकलवाल्याचे वस्ताद होते. हे कसं, तर त्या सायकलवाल्याचं नाव ज्ञानू. वय चोवीस-पंचवीस. पेठ वडगावजवळच्या एका खेड्यातून तो रोज पहाटे सायकलला चार पितळी किटल्या बांधून बारा-तेरा मैल दूध आणायचा, पेठेत रतीब घालायचा. तालमीतलं दूधही त्याचंच. गेल्या वर्षी शर्यत कशी असते ते बघावं म्हणून तो एका शर्यतीत उतरला आणि, किटल्या नसल्यामुळे सायकल हलकी वाटली म्हणून, जिंकून बसला. वस्तादांनी त्याच दिवशी त्याला तालमीची माती लावली आणि आपला पठ्ठा करून टाकला. शर्यत कसलीही असो, तयारी करायची रीत एकच, असं त्यांचं मत. पहाटे पाचशे बैठका, मग सायकल, मग तेलानं रगडणं, मग कुस्तीच्या हौद्यात उतरून लाल माती अंगावर घेऊन पडणं, मग खाणं.

त्या बैठकांबद्दल एवढंच सांगतो, की चौथ्या दिवशी मी तालमीची एक पायरीसुद्धा बसून उतरलो.

वडगावचा रस्ता

वस्तादांचा हुकूम असा, की पहाटे मी रिकामी सायकल घेऊन वडगावकडे जायचं आणि ज्ञानूबरोबर परत यायचं. "त्यो लादलेला, तुमी मोकळं. बघूया कसं जमतंय."

जमलं नाही. पहिल्या आठवड्यात एकही दिवस जमलं नाही. ज्ञानू बारीक, काटक, सावळा. डोक्याला टापर बांधलेलं, अंगात विटलेली बंडी. किटल्यांसकट त्याची सायकल दीड मणाच्या घरात असावी. माझ्याकडे हलकी विलायती सायकल, तिच्यावर मी नऊ वर्षं जीव टाकलेला. सपाटीवर मी कसाबसा बरोबर राही, आणि नदीच्या पुलानंतरचा पहिला चढ लागला की तो बोलता बोलता पुढे जाई. बोलता बोलता म्हणजे खरंच बोलत. त्याच्या म्हशीला काय झालंय ते तो मला सांगत असे, आणि वाक्याचा शेवट मला ऐकू येत नसे.

वर जाऊन तो थांबे. "दमलासा व्हय, मास्तर?"

"नाही, चेन जरा..."

"व्हय व्हय, चेन लई दमवती."

हिवाळ्याचे दिवस. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या गाड्या रस्ताभर. गाडीवान गाडीत झोपलेला, बैल आपल्या मनाने चाललेले, आणि मागे उसाची वाढी सायकलवाल्याच्या तोंडासमोर. शेतात गुऱ्हाळं पेटलेली. त्या वासानं तहान आणखी वाढे, कारण वस्तादांचा दुसरा नियम होता की अंगात घाम असेतोवर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. एका सकाळी मी हात टेकले. सायकल बांधावर टाकली आणि सरळ गुऱ्हाळात शिरलो. तिथल्या म्हाताऱ्यानं काही न विचारता उसाच्या रसाचा तांब्या पुढे केला, वर पिंपळाच्या पानावर गरम गूळ दिला.

"खावा की पावणं. असं काय बघालाय, कुणी मारतंय व्हय?"

आमच्या नाशकात द्राक्षाच्या मळ्यात असं शिरलं तर आधी कुत्रं येतं आणि मग मालक. मी दोन तांबे रस प्यायलो, वर गूळ खाल्ला, आणि अर्ध्या मैलावर सगळं रस्त्याच्या कडेला ओकलो. ज्ञानू माझी पाठ चोळत होता आणि हसू आवरत होता. वस्तादांना त्यानं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात वस्तादांनी माझ्याही सायकलला दोन किटल्या बांधायला लावल्या. मला वाटलं ओझ्यानं पाय तयार व्हावेत म्हणून. मी दात-ओठ खाऊन निघालो. ज्ञानू मागून ओरडत होता, "मास्तर, हळू! दूध उठंल!" मला वाटलं, माझ्या वेगाची चेष्टा करतोय. पेठेत आलो, पहिल्याच घरी किटली उघडली, आणि रतीबवाल्या काकूंनी आत डोकावून पाहिलं. वर लोण्याचे कण तरंगत होते. खाली काय उरलं होतं देव जाणे. एक चतुर्थांश माझ्या चड्डीवर होतं.

"अगं बाई! ज्ञानू, हे दूध हाय का ताक? कुणाच्या हातनं धाडलंस?"

"नाशकाच्या मास्तरांच्या पायानं, काकी."

त्या दिवशी ज्ञानूनं मला जे सांगितलं ते नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. "तुमी पायडल मारताय. मारायचं न्हाय त्ये. फिरवायचं. मारलं की दूध उठतंय. मी सोळा वर्सांचा असल्यापासनं दूध आणतोय. डचमळलं की गिऱ्हाईक बोलतंय, मग घरात आई बोलतीय. मग पायच शिकलं की गपगुमान फिरायला."

मी त्याच्या पायांकडे पाहत राहिलो. खरंच, खाली दाबताना आणि वर येताना त्यांत काडीचा फरक नव्हता. चित्र शिकवणारा माणूस मी, पाहणं हा माझा धंदा, आणि आठवडाभर मी त्याच्या पाठीकडे रागानं बघत होतो, पायांकडे बघितलंच नव्हतं. माझीच मला लाज वाटली. मग रोज किटल्या बांधायला लागलो. चार दिवसांनी काकूंनी दूध परत केलं नाही. नऊ वर्षांत मिळालेल्या तीन दुसऱ्या नंबरांपेक्षा मला त्याचं अधिक सुख झालं, हे इथे कबूल करतो.

माती

तालमीत माझ्यासारखा बाहेरचा माणूस झोपतो, म्हणून पैलवानांत कुरबुर सुरू झाली होती. वस्ताद म्हणाले, "माती लावून घ्या, मग कुणाची बोलायची टाप न्हाय." मी म्हटलं, लावा. मला तो पाहुणचाराचा भाग वाटला. घरी पाहुणा आला की आपण नारळ देतो, तसं.

शनिवारी मारुतीपुढे नारळ फोडला. वस्तादांनी हौद्यातली चिमूटभर लाल माती माझ्या कपाळाला लावली, डोक्याला फेटा गुंडाळला, आणि पाठीवर असा हात मारला की पुढचे दोन शब्द माझ्या तोंडून फुटले नाहीत. "आता तू ह्या तालमीचा," ते म्हणाले. ज्ञानू पुढे आला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला.

"अरे, हे काय?"

"तुमी वयानं थोरलं. आता गुरुभाऊ की आपुन."

मला भरून आलं. सख्खा भाऊ मला नाही. त्या दिवशी तालमीत मटण शिजलं. तांबडा रस्सा मी पाहिला आणि पांढरा प्यायलो. पंगतीत दोन पैलवान रुसल्यासारखे बसले होते. चौकशी केली तेव्हा कळलं की चंदगडकडच्या एका जत्रेला दोघं मैदान मारायला गेले होते, एसटीनं हाडं खिळखिळी करून घेतली होती, आणि तिथे पंचांनी नेमकी दोघांची आपसात जोड लावली. दोघं न लढताच परत आले.

"एवढं लांब जाऊन?" मी हसलो.

"मग काय करणार?" वस्ताद म्हणाले. "एका हौद्यातली माती लागल्याली पोरं चारचौघांत एकमेकाला पाडत न्हाईत. पाडलं तर तालीम सोडायची."

मी मान डोलावली आणि आणखी भात मागितला. माझ्या डोक्यात एवढंसुद्धा आलं नाही, की हे मला सांगताहेत.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. चढ लागला की आता मी पुढे असे. पहिल्यांदा झालं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. ज्ञानू दोन हातांवर होता, मान खाली, श्वास शांत. दुसऱ्या दिवशीही मी पुढे. तिसऱ्याही. बैठका फळल्या, पायडल फिरवायची कळ साधली, तेल-माती अंगी लागली, असे मी हिशेब मांडत होतो. दमणं काही कमी झालं नव्हतं. संध्याकाळी मी घोंगडीवर पडे तेव्हा कूस बदलायलाही अंगात त्राण नसे. पण पुढे राहून दमणं आणि मागे राहून दमणं यांत फार फरक आहे. बायकोला कार्ड टाकलं : "इथला सर्वांत वेगवान गडी आता माझ्या मागे असतो. यंदा येतो बहुतेक पहिला." ते कार्ड तिनं जपून ठेवलं आहे. फाडून टाक म्हटलं तर ऐकत नाही.

वाठार आणि परत

शर्यत चाळीस मैलांची. पुणे रस्त्यानं वाठारपर्यंत जायचं, परत यायचं, गावाला वळसा घालायचा आणि मग पन्हाळ्याचा चढ चढून वर नाक्यापाशी संपवायचं. बावीस-तेवीस जण होते. सकाळी धुकं होतं, रस्त्यावर रात्रीच्या उसगाड्यांची चिपाडं पडलेली. वस्ताद एसटीनं आधीच पन्हाळ्यावर जाऊन बसले होते. जाताना आम्हा दोघांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तालमीचं नाव राखा." कुणाला जिंकायला सांगितलं, ते बोलले नाहीत.

वाठारला वळण्याच्या जागी ज्ञानूची बायको त्यांच्या लहानग्या लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिनं आधी मला तांब्या दिला, मग त्याला. वस्तादांचा नियम मोडून आम्ही दोघंही प्यायलो. परतीच्या वाटेवर एकेक जण गळत गेले. गावाला वळसा घालून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा पुढे एकच उरला होता, मिरजेहून आलेला एक उंच गडी, निळ्या बंडीतला. त्याच्यामागे मी. माझ्यामागे ज्ञानू.

खरा चढ लागला आणि माझं कंबरडं मोडलं. दुसरा शब्द नाही. पायांत गोळे नव्हते, कळ नव्हती. नुसतं काही उरलंच नव्हतं. निळी बंडी शंभर हातांवर होती. तीही डुलत होती, तिचाही जीव मेटाकुटीला आलेला दिसत होता. मी दात आवळून म्हणत होतो, अजून गाठीन, अजून गाठीन. अंतर तेवढंच राहिलं, मग वाढायला लागलं. आणि माझ्या मागून श्वास येत होता, शांत, एका लयीत. वडगावच्या रस्त्यावर म्हशीची गोष्ट सांगताना असे तसाच.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

"ज्ञानू, जा पुढे. गाठ त्याला."

"तुमी चला की मास्तर. मी हाय मागं."

"माझ्यानं होत नाही रे. तू जा!"

"कसं जाऊ?" तो म्हणाला. "तुमास्नी वलांडून? माती लागलीय दोघांस्नी."

"अरे, ही कुस्ती नाही!"

"आमच्यात समदी कुस्तीच हाय."

एक-दोन वेळा मी पायडल फिरवलं. मग विचारलं, "म्हणजे हे पंधरा दिवस...?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "तुमी थोरलं," एवढंच म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मूर्ख म्हणालो, गाढव म्हणालो, तुझी तालीम घाल चुलीत म्हणालो. चढावर श्वास पुरत नव्हता, तो मी शिव्यांत घालवला. तो मागून ऐकत होता आणि त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर तसंच होतं. कार्डावर लिहिलेला सर्वांत वेगवान गडी! पंधरा दिवस तो माझ्या वेगानं चालत होता, म्हातारा बैल पुढे असला की मागची गाडी चालते तशी.

निळी बंडी वळणाआड गेली. मी उतरलो.

सायकल कडेला घेतली, कठड्यावर टेकलो. ज्ञानूनंही करकचून ब्रेक दाबला आणि एक पाय टेकला. "काय झालं?"

"पाय धरला." मी पोटरी हातांत घेतली. "माझी शर्यत संपली. मी आता शर्यतीत नाही, तेव्हा मला ओलांडण्याचा प्रश्नच नाही. जा."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर एवढा घाम होता आणि तरीही श्वास लागलेला नव्हता. "खरंच धरलाय? माझ्या लेकीची आन घ्या."

मला वाटलं होतं की गळ्याची शपथ घ्यायला लावील, ती मी घेतली असती. लेकीची म्हटल्यावर जीभ अडली. वाठारला त्या लहानगीनं तांब्याच्या मागून माझ्याकडे बघून हात हलवला होता. "घेतली," मी म्हणालो. "जा आता, निघ!"

तो निघाला. उभा राहिला नाही, डुलला नाही, पायडल मारलं नाही. नुसते पाय फिरायला लागले आणि तो वळणाआड गेला. मी नऊ वर्षं सायकलवाले बघतो आहे. असं चढताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

पन्हाळा

उरलेला चढ मी सायकल ढकलत चढलो. मागचे तीन-चार जण मला मागे टाकून गेले. एकानं विचारलं, "पंक्चर?" मी मान हलवली. खाली सगळा मुलूख पसरला होता, उसाचे हिरवे चौकोन, गुऱ्हाळांचे धूर. महिन्यात पहिल्यांदाच मी तो नीट डोळे उघडून पाहिला. सुंदर होता, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

वर पोचायच्या आधीच हलगी ऐकू आली. ज्ञानू जिंकला होता. शेवटच्या वळणावर त्यानं निळ्या बंडीला गाठलं होतं. गुलालानं त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. त्यानं मला लांबून पाहिलं आणि गर्दीतून ओरडला, "मास्तर, पाय कसा हाय?"

आबा वस्तादांनी मला दगडी कठड्यावर बसवलं आणि माझा पाय मांडीवर घेतला. अंगठा पोटरीत रुतवला, वरून खाली नेला. मग दुसरा पाय घेतला. त्याच्यावरूनही अंगठा फिरवला. चाळीस वर्षं ज्या हातांनी पैलवानांचे धरलेले पाय सोडवले, त्या हातांना फसवणं मला जमणार नव्हतं. मी हलगीकडे बघत बसलो.

"गाठ न्हाय," ते हळू म्हणाले. महिन्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. "आखाडा सोडून आलास."

"हो."

"का?"

मी सांगितलं. ज्ञानू काय म्हणाला ते, आणि मी काय केलं ते. त्यांनी माझा पाय मांडीवरून खाली ठेवला.

"त्यो तुला वलांडून गेला असता, तर मी त्याला तालमीतनं हाकलला असता," ते म्हणाले. "आन तू आखाडा सोडलास, तर तुला ठेवता येत न्हाय. असल्याला आमच्यात परत घेत न्हाईत."

"बरं," मी म्हणालो. भांडायला अंगात काही नव्हतं.

ते उठले, फेटा सारखा केला. जाता जाता म्हणाले, "ज्ञानूला काय बोलू नगंस. कळलं तर त्यो मुंबईला जायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वळकटी बांधली तेव्हा तालमीत सगळे होते आणि कुणी माझ्याशी बोललं नाही. पहाटेच ज्ञानू येऊन दूध ठेवून गेला होता. त्यानं माझ्यासाठी एका बाटलीत करंजेल आणलं होतं, पायाला लावायला. स्टेशनापर्यंत सायकलवर गेलो. पाय ठणठणीत फिरत होते. त्याचा फार संताप येत होता.

घरी आलो. बायकोनं दारातच विचारलं, "काय झालं?" म्हटलं, उतरलो. ती म्हणाली, "बरं केलंत. दमलेले दिसता." आल्यापासून ओळखीचे जे कुणी ही हकिगत ऐकतात ते मला मोठ्या मनाचा ठरवतात. मी ऐकून घेतो. पण मला ती शर्यत जिंकायची होती, आजही वाटतं की जिंकायला हवी होती. आणि ज्ञानू मागे नसता तर त्या वळणावर मी उतरलो नसतो असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी फार दमलो होतो.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून कार्ड आलं. दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेलं. मुंबईत तो अकरावा आला. रस्ते सपाट होते, गर्दी फार होती, समुद्र पाहिला. वस्ताद तालमीत तुमचं नाव काढू देत नाहीत, का ते कळत नाही, मी काढतो. लेक बरी आहे. आणि खाली, वेगळ्या ओळीत : तुमचा पाय कसा आहे?

मी उलट टपाली लिहिलं. पाय अजून दुखतो, पण काळजी करू नकोस.